दात आल्यानंतरचे डाग

“खोडून टाका म्हणते ना मी! तो रकानाच खोडून टाका.”

“अहो बाई, रकाना खोडल्यावर भाजलेलं मूल बरं होतं का?”

“भाजलेलं नाही, भाऊ. डागलेलं. किती वेळा सांगू? पोर आजारी पडलं, डाग दिला. दवा आहे ती आमच्याकडची.”

“तापलेल्या विळ्याचं टोक चार महिन्यांच्या पोराच्या पोटावर टेकवायचं, ही दवा?”

“मग! तुमचा डॉक्टर सुई टोचतो तेव्हा पोर हसतं का?”

शालिग्रामने हातातला फॉर्मचा गठ्ठा टेबलावर ठेवला. टेबल म्हणजे उलटी ठेवलेली लोखंडी पेटी, अंगणवाडीच्या सुकडीची. तो जळगावहून आला होता. तिथल्या एका संस्थेने चोपडा तालुक्यातली काही गावं निवडून पाहणी लावली होती. घरात, शाळेत, शेतात लहान मुलांना कोण मारतं, कशाने मारतं, अंगावर कसल्या खुणा आहेत, हे घरोघर विचारायचं. गावातलीच बाई विचारेल तर लोक बोलतील, म्हणून अंगणवाडीच्या बायांना हे काम दिलं होतं. टेंभरपाड्याचं काम यशोदाबाईंकडे आलं. त्यांनी ते पूर्ण केलं, आणि भांडण त्यानंतर सुरू झालं.

“सगळ्या गावांमध्ये भाजल्याच्या खुणा सापडल्या,” शालिग्राम म्हणाला. “पण खालच्या गावांत बायांनी कारण लिहिलंय. चुलीवर पडलं, मास्तरने चटका दिला, काकाने दिला. तुम्ही एकजात उपचार लिहिलंत. एक फॉर्म सोडला नाहीत. ऑफिसमध्ये मॅडम म्हणतात, डोंगराकडच्या गावांचा हा रकाना निकामी आहे, काढून टाका.”

“शहाणी बाई आहे. काढा म्हणावं.”

“बाई, हसू नका.”

“हसू नको तर काय करू? तुम्ही उद्या छापाल की टेंभरपाड्याच्या आया राक्षसिणी आहेत. माझ्या पोटावरही डाग आहेत. दाखवू का?”

शालिग्राम लाल झाला आणि छताकडे पाहू लागला. छतावर पाल होती. यशोदाबाई आता खरंच हसल्या, पदर तोंडाला लावून.

“घाबरू नका, भाऊ. दाखवत नाही. पण मी मेले का? जिवंत उभी आहे ना तुमच्यासमोर?”

हे त्या तावात म्हणाल्या आणि एकदम गप्प झाल्या. पेटीवरचे फॉर्म उगाच सारखे करू लागल्या.

त्या का गप्प झाल्या ते शालिग्रामला कळलं नाही. गावाला कळलं असतं.

यशोदाबाई याच गावातल्या. सातवी पास, तेही बापाशी अबोला धरून. लग्न शिंदखेड्याकडे झालं. पहिला मुलगा झाला आणि आखाजीला त्या त्याला घेऊन माहेरी आल्या. खानदेशात आखाजीला लेकी माहेरी येतात, झाडाला झोका बांधतात, उन्हाचं भान विसरून गातात. यशोदाबाईंचा झोका चिंचेच्या झाडाला होता. मुलाचं पोट फुगलं, तो दूध ओकू लागला. आईने डाग देणाऱ्या सुंदरबाईला बोलावलं. सुंदरबाईने चुलीत इळा लाल केला आणि बेंबीभोवती डाग दिले. दोन दिवसांनी मूल गेलं. झोका आठवडाभर तसाच लोंबत राहिला, कारण तो सोडायचं कुणाला सुचलंच नाही.

सासरच्यांनी न्यायला कुणाला पाठवलं नाही. यशोदाबाईही गेल्या नाहीत. आईबाप गेल्यावर धाकट्या भावाने, लोटनने, मागची खोली दिली. अंगणवाडी आली तेव्हा सरपंचांनी विचारलं, कुणी शिकलेली बाई आहे का? लोटन म्हणाला, मन्ही अक्का शे ना.

अंगणवाडीत त्या वेगळ्याच बाई होत. कावळा व्हायच्या, म्हातारा सावकार व्हायच्या, रेल्वे व्हायच्या. मुलांना कविता शिकवताना त्यांची एक शिस्त होती: हात पाठीमागे, नजर वर आढ्याकडे, आणि ओळीचं शेवटचं अक्षर लांब ओढायचं, म्हणजे पुढची ओळ आठवायला वेळ मिळतो. गावातलं कुठलंही पोर पाव्हण्यांसमोर कविता म्हणू लागलं की कळायचं, हे यशोदाबाईंच्या हातचं. पण कुठल्या आईने तान्ह्याला डाग दिल्याचं कळलं तर बाई काहीच बोलायच्या नाहीत. नर्सबाई ओरडायची, बाई ऐकून घ्यायच्या. डाग वाईट म्हटला, तर त्या आखाजीचं काय करायचं? तिथे पोचण्याआधीच त्या वाट बदलायच्या. दवा आहे, म्हणायच्या.

शालिग्रामने खिशातून खडू काढला. तो पूर्वी शाळामास्तर होता, खडू खिशातून गेला नव्हता.

“बरं, भांडू नका. एक खेळ खेळू. तुमचे चिंचोके कुठे आहेत?”

“कशाला?”

“द्या तर.”

मुलांना मोजायला शिकवायचे चिंचोके डब्यात होते. शालिग्रामने शेणाने सारवलेल्या जमिनीवर एक लांब रेघ ओढली. एका टोकाला लिहिलं, तान्हं. मग एक वर्ष, दोन, तीन, असं करत दुसऱ्या टोकाला बारा.

“मी फॉर्म वाचतो. डाग असलेल्या प्रत्येक मुलाचा एक चिंचोका तुम्ही ठेवा. डाग कधी दिला त्या वयावर.”

“एवढंच?”

“एवढंच.”

तो वाचत गेला, त्या ठेवत गेल्या. तान्हं. तान्हं. तान्हं. तान्हं. पहिल्या टोकाला ढीग झाला, चिंचोके घसरून रेघेच्या बाहेर जाऊ लागले.

“बघा,” यशोदाबाई म्हणाल्या. “सुंदरबाईची रीत आहे. दात आले की डाग बंद. तिच्या सासूने तिला असंच शिकवलं.”

“हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?”

“तुम्ही विचारलं कुठे? तुमच्या फॉर्मवर दातांचा रकाना आहे का?”

शालिग्रामने मान हलवली आणि पुढचा फॉर्म वाचला. “सात वर्षं.”

चिंचोका त्यांच्या हातात थांबला. मग त्यांनी तो सातवर ठेवला. रेघेवर तो अगदी एकटा दिसत होता.

“हा करमसिंगचा मुलगा,” त्या म्हणाल्या. “वरच्या पाड्यावरचा. मोहाची फुलं उकळताना पातेलं कलंडलं, पायावर. मी तिथेच होते त्या दिवशी. उपचार लिहिलं ते चुकलं माझं. सवयीने लिहिलं गेलं. अपघात लिहा.”

त्याने लिहिलं. मग पुढचा. “आठ वर्षं. मुलगी. घराचा नंबर आहे, नाव नाही.”

नावं लिहायची नाहीत असा पाहणीचा नियम होता. यशोदाबाईंना नाव लागत नव्हतं. त्यांनी चिंचोका ठेवला नाही. मुठीत धरला.

“बाई? हिचं काय?”

“पोट दुखायचं तिचं.”

“फुली दंडावर मारलीय तुम्ही.” फॉर्मवर मुलाची एक आकृती छापलेली होती, खूण जिथे असेल तिथे फुली मारायची. “दोन फुल्या. दोन्ही दंडावर. पोटदुखीला दंडावर डाग देतात?”

यशोदाबाईंनी मूठ पदराखाली घेतली.

“बाई, मला घर माहीत नाही, मी विचारतही नाही. पण या पहिल्या ढिगाची एक गोष्ट आहे. त्यासाठी नर्स हवी, दवाखाना हवा, सुंदरबाईशी बोलायला हवं. आणि हा एक चिंचोका वेगळा आहे. तुम्ही तो ढिगात टाकलात, म्हणून तो कुणाला दिसणार नाही. कुणी त्या घरी जाणार नाही. कारण कागदावर तिला औषध मिळालंय.”

“सुंदरबाईला विचारते,” त्या म्हणाल्या.

“विचारा. मी आज इथेच मुक्कामाला आहे, शाळेत. उद्या सकाळच्या गाडीने फॉर्म घेऊन जाईन.”

त्या संस्थेच्या फॉर्मवर पुढे भाजण्याचे दोन रकाने झाले: दात येण्याआधी, दात आल्यानंतर. चोपडा, शिरपूर, सगळीकडे तोच फॉर्म गेला. पण ते नंतरचं. त्या दुपारी यशोदाबाई मूठ मिटून सुंदरबाईच्या ओट्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या.

सुंदरबाई उन्हात बसून तुरी पाखडत होती. डोळ्यांनी कमी दिसायचं, पावलांवरून माणूस ओळखायची.

“यशोदा, ये. बठ. काय व्हयनं?”

“आजी, लोटननी मंजीले मांगला साल तू डाग दिधा का?”

“कोनले?”

“मंजुळाले. मन्हा भाऊनी पोरगीले.”

सूप थांबलं. “दात उनात का मन्हा इळा बंद. तुले माहीत नही का? आठ वरीसनी घोडी व्हती ती तवय, तिले मी कसाले डागसू?”

“दंडवर शेत.”

“दंडवर?” म्हातारी हसली, बोळकं उघडं पडलं. “दंडमा काय पोट ऱ्हास का, वो बाई?” आणि मग तिचं हसू आपोआप विझलं. तिने सूप बाजूला ठेवलं. “यशोदा, तुन्ही खोली अन लोटननी खोली, मधमा एकच भित शे. माले काय इचारस?”

यशोदाबाई उठल्या नाहीत. त्या म्हातारीच्या हातांकडे पाहत होत्या. मग वर्षानुवर्षं न विचारलेलं एकदम तोंडून निघून गेलं.

“आजी, मन्हा बाळ. तो डागनामुळे गया का?”

सुंदरबाईने तोंड फिरवलं. “बठ्ठासले दिधा मी. काही जगनात, काही गयात. माले काय माहीत माय, कोन कसानामुळे गयं.” तिने पुन्हा सूप उचललं, पण पाखडलं नाही.

घराकडे जाताना यशोदाबाईंना ते आवाज आठवले. मंजुळाची आई तापाने गेली त्यानंतरचे. भिंतीपलीकडे लोटनचा आवाज चढायचा, मग एकदम शांतता, आणि मग मंजुळाचा एक लांब आत ओढलेला हुंदका. यशोदाबाई उठून बसायच्या, आणि सकाळी लोटन सांगायचा, पोट दुखनं तिनं, सुंदरआजीकडे लयी गयथू. त्या विश्वास ठेवायच्या. गावात जन्मलेल्या बाईला डागापेक्षा दुसरं काही पटकन सुचत नाही, आणि न सुचण्यात सोय होती.

लोटन दारू प्यायचा नाही, हे लक्षात ठेवायला हवं. गावाला आवडायचा. केळीच्या बागांमध्ये घड उतरवायला त्याच्यासारखा हात नव्हता. भजनात टाळ वाजवायचा, मयताच्या घरी सर्वांत आधी लाकडं फोडायला जायचा. बिडी ओढायचा, एवढंच व्यसन.

तो दिवेलागणीला आला, खांद्यावर केळीची फणी.

“अक्का, देख! मालकनी दिधी. तुन्हा अंगणवाडीना माकडंसले घी जाय.” तो खाटेवर बसला. “तो फॉर्मवाला गया का? मन्हा डोकामातल्या उवा बी मोजी लेस का तो?”

मंजुळा कोपऱ्यात कापसाची वाळलेली बोंडं फोडत होती. नऊ वर्षांची, पोलक्याच्या बाह्या कोपरापर्यंत. एरवी ती फुईच्या मागे मागे असायची. फुई म्हणजे आत्या. बाप घरात असला की ती कोपऱ्यात असायची.

“लोटन, मंजीना दंडवर काय शे?”

“डाग. कितला वेळ सांगू?”

“सुंदरआजी नही म्हणस.”

लोटनने एक केळं तोडलं. सावकाश सोललं. अर्धं मोडून मंजुळापुढे धरलं. “ले बेटा, खाय.” मंजुळाने घेतलं, पण खाल्लं नाही. हातात तसंच धरून ठेवलं.

“म्हातारी आंधळी व्हयनी,” लोटन म्हणाला. “तिले काय याद ऱ्हास?”

“तिले बठ्ठं याद शे.”

“मंग?” त्याचा आवाज चढला नाही. उलट खाली आला. “दूध उतू घालस. ढोर मोकळं सोडी देस. माय नही तिले. शिकाडाले नको का कोनी? मन्हा बापनी माले कसं शिकाडं, तू नही देखं? तू तं तठेच व्हतीस.”

“बिडीना चटका नही दिधा बाबांनी कधी.”

बिडी हा शब्द तिथे पहिल्यांदाच उच्चारला गेला. मंजुळाने मान खाली घातली, बोंडाची टरफलं मांडीवरून झटकली.

लोटन उठला, दाराशी गेला, बाहेर कुणी आहे का पाहिलं आणि परत आला. “अक्का, पोरगी मन्ही शे. खोली बी मन्ही शे. तुन्हा सासरवाला तुले इचारत नही, मी इचारस. कागदवर काय लिखेल शे?”

“उपचार.”

“मंग ऱ्हाऊ दे तेच.”

यशोदाबाई आपल्या खोलीत गेल्या. भिंतीपलीकडे आज काहीच आवाज नव्हता. त्याचीच भीती वाटत होती.

सकाळी अंगणवाडीत शालिग्राम फॉर्म बांधत होता. यशोदाबाई दाराशी पोचल्या आणि थबकल्या. लोटन त्यांच्या आधीच येऊन बसला होता, धुतलेला सदरा घालून, केसांना तेल लावून. शेजारी मंजुळा, वेणी घट्ट बांधलेली. तिची वेणी रोज यशोदाबाई घालत. आज त्याने घातली होती, वाकडी.

“राम राम, भाऊ,” लोटन शालिग्रामला म्हणत होता. “अक्का सांगस तुम्हाले काही शंका शे. म्हनीसन मीच लयी उनू पोरगीले. इचारा. मन्हासमोर इचारा.”

शालिग्रामचा चेहरा पडला. “भाऊ, असं नसतं विचारायचं. तुम्ही जरा बाहेर थांबा.”

“मन्ही पोरगीनं काम, अन मी बाहेर? वा!” लोटन हसला. “मंजी, उभी ऱ्हाय. सांग भाऊले. दंडवर काय शे?”

मंजुळा उभी राहिली. तिने हात पाठीमागे घेतले. नजर वर आढ्याकडे नेली.

“पोट दुखे मन्हंऽ. सुंदरआजीनी डाग दिधाऽ.”

ओळीचं शेवटचं अक्षर लांब ओढलं.

यशोदाबाईंनी डोळे मिटले. फॉर्म भरला त्या दिवशीही ती असंच म्हणाली होती. हेच हात पाठीमागे, हीच नजर वर. त्यांनी तेव्हा लिहून घेतलं होतं, आणि त्यांना काहीही खटकलं नव्हतं. पाठ करून घेतलेलं पोर कसं बोलतं ते साऱ्या गावात त्यांना पहिल्यांदा कळायला हवं होतं. त्यांनीच तर शिकवलं होतं.

“झालं?” लोटन म्हणाला. “चाल मंजी.”

“थांब,” यशोदाबाई म्हणाल्या.

त्या आत आल्या. मूठ उघडली. चिंचोका घामाने ओला झाला होता. कालची रेघ अजून जमिनीवर होती, अर्धी पुसलेली. त्यांनी वाकून तो आठवर ठेवला.

“शालिग्रामभाऊ, उपचार खोडा.”

“बाई, आत्ता नको. हे असं समोर नको. मी नंतर...”

“नंतर तुमची गाडी जाईल. खोडा.”

“अक्का,” लोटन म्हणाला. त्याने खिशातली बिडी काढली आणि न पेटवता बोटांत फिरवू लागला. मंजुळा त्या बिडीकडे पाहत होती. खोलीत इतर कुणाकडेही ती पाहत नव्हती.

शालिग्रामने पेन उघडलं. “काय लिहू? कुणी?”

“बापाने,” यशोदाबाई म्हणाल्या. “बिडीने. दात येऊन फार वर्षं झाली होती तिला.”

बाहेर मुलं जमू लागली होती. कुणीतरी खिडकीच्या गजांना लोंबकळून ‘बाई, रेल्वे करा ना’ असं ओरडत होतं.

लोटन आरडाओरडा करेल असं शालिग्रामला वाटलं. लोटनने तसं काही केलं नाही. तो बहिणीकडे पाहत राहिला, जणू हिशोबात काहीतरी मोठी चूक तिचीच झाली आहे आणि ती तिला आता समजावून सांगायची आहे.

“बरं,” तो म्हणाला. “लिखं तू. हाऊ गाडीमा बशीन, जळगाव जाईन. त्याना कागदमा आम्ही एक टिंब. मंग तू? मंजीले लयी जाशी? कोठे? शिंदखेडे? तठे कोन शे तुन्हं?” तो उठला आणि दाराकडे दोन पावलं सरकला. “अक्का, सांग माले. आज संध्याकायले कोठे जाशी?”

यशोदाबाईंनी मंजुळाचा हात धरला. तो हात थंड होता आणि त्याने त्यांचा हात धरला नाही, नुसता त्यांच्या हातात राहिला. त्या लोटनच्या बाजूने, त्याला अंग न लागू देता, दाराबाहेर पडल्या. मुलांनी वाट दिली. त्या सकाळच्या जळगावच्या गाडीसाठी एसटीच्या थांब्याच्या दिशेने चालू लागल्या.